पहिला अल्बम स्वतःच काढताना : ठाणे-नवी मुंबईतल्या नव्या कलाकारांसाठी

ठाणे-बेलापूर पट्ट्यात गाणं करणाऱ्यांची वानवा नाही. चेंदणी कोळीवाड्यापासून दिवाळे गावापर्यंत हळदीची गाणी रचणारे आहेत, नवी मुंबईच्या नोडानोडांत, म्हणजे वसाहतींत, भजनी मंडळं आहेत, कळव्या-दिव्यात रॅप लिहिणारी मुलं आहेत आणि घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये बेडरूमचाच स्टुडिओ केलेले गिटारवाले आहेत. गाणी तयार होतात आणि चांगली होतात. अडतं ते पुढे. गाणं दुसऱ्याच्या चॅनेलवर जातं, हातात एकरकमी थोडे पैसे पडतात आणि काही वर्षांनी ते लग्नालग्नांत वाजत असताना गीतकाराचं नाव व्हिडिओखालच्या वर्णनातही नसतं. हे मी जवळून पाहिलेलं आहे. म्हणून या लेखात गाणं कसं करावं यापेक्षा ते तुमच्या नावावर कसं राहील आणि योग्य माणसांपर्यंत कसं जाईल, यावर भर दिला आहे. कामं ज्या क्रमाने करायची त्याच क्रमाने लिहिली आहेत. घाईत क्रम बदलू नका, विशेषतः दुसरी पायरी मागे टाकू नका.

पहिली पायरी : तारीख धरा आणि मागे मोजत या

सुरुवात कॅलेंडरपासून करा. हळदीची, वरातीची गाणी असतील तर ती तुळशीच्या लग्नाआधी बाहेर यायला हवीत. डीजे आणि बेंजो पार्टीवाले त्याच सुमारास नवी गाणी बसवतात. कोळीगीतांचा मोसम नारळी पौर्णिमेचा. गणपतीची गाणी श्रावण लागायच्या आत तयार हवीत, कारण सोसायट्यांमधले आणि मंडळांमधले नाचाचे सराव तेव्हाच सुरू होतात. पितृपक्षात बरेच लोक शुभारंभ टाळतात. तुमचा त्यावर विश्वास असो वा नसो, तुमचं गाणं पुढे पाठवणारे काका-मामा तो पाळतात. मोसमाशी संबंध नसलेला, निवांत ऐकायचा अल्बम असेल तर मी पावसाच्या तोंडावरचा जून किंवा सणांची गर्दी सरल्यावरचा जानेवारी सुचवेन.

वार मात्र शुक्रवारच घ्या. २०१५ च्या जुलैपासून जगभर नवं संगीत शुक्रवारी प्रकाशित करण्याची पद्धत आहे आणि स्ट्रीमिंग ॲपवरच्या नव्या गाण्यांच्या याद्याही शुक्रवारीच बदलतात.

तारीख ठरली की मागे मोजा. शेवटची मास्टर फाइल, म्हणजे प्रकाशनासाठी पूर्ण तयार झालेलं गाणं, हातात आल्यापासून प्रकाशनापर्यंत किमान सहा आठवडे मोकळे ठेवा. त्याआधी मिक्सिंग म्हणजे सगळे आवाज एकमेकांशी जुळवणं, त्याआधी डबिंग म्हणजे गायन-वादनाचं रेकॉर्डिंग, आणि त्याच्याही आधी कागदपत्रं. पहिल्या अल्बमला पाच ते आठ गाणी पुरतात. बारा गाण्यांचा हट्ट धरला की शेवटच्या चार गाण्यांवर ना वेळ उरतो ना पैसा, आणि ते ऐकणाऱ्याला कळतं.

दुसरी पायरी : रेकॉर्डिंगच्या आधी कागद

हा भाग सगळ्यात कंटाळवाणा वाटतो आणि सगळ्यात जास्त त्याचीच गरज पडते.

एका गाण्यात दोन वेगवेगळ्या मालमत्ता असतात. एक म्हणजे शब्द आणि चाल. ती गीतकाराची आणि संगीतकाराची. दुसरी म्हणजे ते गाणं ज्यात बंदिस्त झालं ते ध्वनिमुद्रण. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणाचा मालक तो, ज्याने ते करण्याचा पुढाकार आणि जबाबदारी घेतली, म्हणजे कायद्याच्या भाषेत निर्माता. म्हणून स्टुडिओचं भाडं कोण देतं, वादकांना पैसे कोण देतं, हे प्रश्न घरगुती राहत नाहीत. मामाने प्रेमापोटी स्टुडिओचं बिल भरलं, तर ते कर्ज होतं, भेट होती की भागीदारी, हे त्याच आठवड्यात एका कागदावर लिहून घ्या. नातं जपायचं असेल तर हेच बरं.

प्रत्येक गाण्यासाठी एका पानाचं वाटणीपत्रक करा. त्यात गाण्याचं नाव, तारीख, गीतकार, संगीतकार, संयोजक म्हणजे अरेंजर, गायक, निर्माता आणि प्रत्येकाचा टक्का असावा. शब्द-चालीचे टक्के वेगळे आणि ध्वनिमुद्रणाचे वेगळे लिहा. दोन्हींची बेरीज स्वतंत्रपणे १०० झाली पाहिजे. नावं पॅनकार्डावर आहेत तशीच लिहा, टोपणनाव कंसात. ढोलकी, संबळ, बासरी वाजवायला आलेल्या वादकाला ठरलेलं मानधन एकदाच द्यायचं असेल तर तशी पावती घ्या, आणि अल्बमवर त्याचं नाव छापण्याचं वचनही त्यातच लिहा. सगळ्यांच्या सह्या झाल्या की फोटो काढून ग्रुपवर टाका. मोठ्या रकमेचा व्यवहार किंवा बाहेरचा गुंतवणूकदार असेल तर वकिलाकडून स्टॅम्प पेपरवर करार करून घ्या. महाराष्ट्रात आता त्यासाठी सहसा ५०० रुपयांचा स्टॅम्प लागतो.

एखाद्या चॅनेलवाल्याने किंवा कंपनीने करार पुढे केला, तर कायद्यातल्या काही गोष्टी माहीत असू द्या. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच देता येतात. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर हक्क फक्त भारतापुरते दिले असं समजतात. ज्याने हक्क घेतले त्याने एका वर्षात त्यांचा वापरच केला नाही, तर करारात वेगळं काही म्हटलेलं नसेल तेव्हा ते हक्क गळून पडतात. आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा करार करूनही काढून घेता येत नाही; तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला, म्हणजे रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेला, देता येतो. ही तरतूद चित्रपटाबाहेरच्या गाण्यांनाही, म्हणजे तुमच्या अल्बमलाही लागू आहे. ‘सर्व हक्क, कायमस्वरूपी, संपूर्ण जगासाठी, सध्याच्या व भविष्यातील सर्व माध्यमांसाठी’ अशी ओळ दिसली की पेन खाली ठेवा आणि करार घरी घेऊन या. आत्ताच सही करा म्हणणाऱ्याला उद्याचा वेळ मागा. तो वेळ नाकारला गेला, तर निर्णय तिथेच झाला असं समजा.

कॉपीराइट मिळण्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. कृती निर्माण झाली की हक्क आपोआप येतो. पण पुढे वाद झाला तर नोंदणी उपयोगी पडते. ती कॉपीराइट कार्यालयाच्या संकेतस्थळावरून घरबसल्या करता येते; शब्दांच्या किंवा चालीच्या नोंदणीला प्रत्येकी ५०० रुपये आणि ध्वनिमुद्रणाला २,००० रुपये शुल्क आहे. पैसे मोजकेच असतील तर आधी सगळ्यात जोरकस वाटणाऱ्या एक-दोन गाण्यांची नोंदणी करा.

जुनी गाणी, अभंग आणि धवला

आपल्याकडे निम्म्या अल्बममध्ये एखादा अभंग, एखादं पारंपरिक गीत असतंच. त्याचे नियम नीट समजून घ्या. शब्द आणि चाल यांवरचा हक्क गीतकार-संगीतकाराच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतरच्या वर्षापासून पुढे ६० वर्षं टिकतो. म्हणून तुकोबांचे शब्द सगळ्यांचे आहेत. १९१८ साली गेलेल्या बालकवींच्या कवितांना चाल लावायला कुणाची परवानगी लागत नाही. पण कुसुमाग्रज १९९९ साली गेले. त्यांच्या कवितांवरचा हक्क २०५९ अखेरपर्यंत राहणार, तेव्हा ती कविता घ्यायची तर लेखी परवानगी हवी. आणि अभंगाचे शब्द मोकळे असले तरी रेडिओवर ऐकून पाठ झालेली चाल कुणा संगीतकाराची असू शकते. नवी चाल बांधा. त्यात तुमचा अल्बमही वेगळा होतो.

गाजलेली चित्रपटगीतं पुन्हा गाऊन अल्बममध्ये टाकण्याचा मोह टाळा. कायद्यात त्यासाठी वाट आहे, पण मूळ गाणं ध्वनिमुद्रित झालेलं वर्ष संपल्यापासून पाच वर्षं जावी लागतात, आधी नोटीस द्यावी लागते आणि सर्वसाधारणपणे दर वर्षी किमान ५०,००० प्रतींच्या हिशोबाने रॉयल्टी आगाऊ भरावी लागते. नवख्या माणसाला ते झेपत नाही.

आगरी-कोळी लग्नातला धवला हा वेगळा आणि माझ्या मनाच्या जवळचा विषय. ती गाणी पिढ्यान्‌पिढ्यांची आहेत, त्यामुळे ‘पारंपरिक’ अशीच नोंद करा; गीतकार म्हणून स्वतःचं नाव लावू नका. तुमच्या गावातल्या धवलारणीचा, म्हणजे धवला गाणाऱ्या बाईचा, आवाज घेणार असाल, तर गायिका म्हणून तिचा स्वतःचा कायदेशीर हक्क असतो. तिची लेखी संमती घ्या, मानधन द्या, कव्हरवर तिचं नाव आपल्या नावाच्या बरोबरीने छापा आणि वाटणीपत्रकात तिचा टक्का ठेवा. त्या म्हाताऱ्या बायांनी तोंडी जपलेलं धन आपण मोबाइलवर टिपून नेतो आणि त्यांना साधी लिंकही पाठवत नाही, असं आता व्हायला नको.

नेटवरून घेतलेल्या बीटचंही, म्हणजे रॅपखाली वाजणाऱ्या तयार संगीताचंही, तसंच. स्वस्तात मिळणारी बीट बहुतेक वेळा भाड्याने मिळालेली असते. तीच बीट आणखी शंभर जणांनी घेतलेली असू शकते. तिचा परवाना पूर्ण वाचा, तो जपून ठेवा आणि असं गाणं यूट्यूबच्या कंटेंट आयडीमध्ये, म्हणजे तेच संगीत दुसरीकडे वाजलं की आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेत, नोंदवू नका. नोंदवलंत तर दुसऱ्या कुणाच्या गाण्यावर तुमच्या नावाने दावा लागेल आणि वितरक, म्हणजे तुमची गाणी ॲपपर्यंत पोचवणारी कंपनी, तुमचं खातं बंद करू शकेल.

तिसरी पायरी : रेकॉर्डिंग

घरी काय करायचं आणि स्टुडिओत काय, हे आधी वाटून घ्या. प्रोग्रॅमिंग, गिटार, कीबोर्ड आणि स्क्रॅच, म्हणजे नमुन्यापुरता कच्चा, आवाज घरी होतात. माइक कॉम्प्युटरला जोडणारा दोन इनपुटचा साधा ऑडिओ इंटरफेस, एक कंडेन्सर माइक, बंद प्रकारचे हेडफोन एवढ्यावर काम सुरू होतं. रीपरसारखं सॉफ्टवेअर वैयक्तिक वापरासाठी ६० डॉलरमध्ये रीतसर मिळतं आणि त्याआधी ६० दिवस वापरून बघता येतं. चोरीचं सॉफ्टवेअर वापरू नका; ऐन डबिंगच्या दिवशी ते बंद पडतं.

अंतिम आवाज, ढोलकी-संबळ आणि कोरस यांसाठी मात्र स्टुडिओची शिफ्ट घ्या. आपली घरं रुळांजवळची, हायवेजवळची. लोकलचा भोंगा, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या आणि पावसाळ्यात खिडकीवरच्या पत्र्याचा आवाज टेकमध्ये एकदा आला की पूर्ण निघत नाही. शिफ्टचे पैसे वाचवायचे तर तयारी घरी करा: प्रत्येक गाण्याची पट्टी आणि लय पक्की, शब्दांच्या छापील प्रती, वादकांना आठवडाभर आधी स्क्रॅच ट्रॅक. अंतऱ्याचे शब्द स्टुडिओत बसून बदलायला लागलात तर तासच्या तास जातात. निघताना तुमच्या सगळ्या ट्रॅकच्या स्वतंत्र फाइल, म्हणजे स्टेम्स, स्वतःच्या हार्ड डिस्कवर घ्या. ‘आमच्याकडे राहतील’ यावर थांबू नका. पुढे रीमिक्स करायचं असेल, स्टेजवर ट्रॅक वाजवायचा असेल, तर स्टेम्सशिवाय हात बांधलेले राहतात.

मिक्स झाल्यावर गाणं ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये, दुपारच्या गर्दीत, साध्या वायरवाल्या इअरफोनवर ऐका. मग रिक्षाच्या स्पीकरवर, मग फोनच्या स्पीकरवर. शब्द तिन्ही ठिकाणी कळले पाहिजेत. मास्टरिंग, म्हणजे मिक्सवरचा शेवटचा हात, करणाऱ्याला सांगा की गाणं स्ट्रीमिंगसाठी आहे. स्पॉटिफाय सगळी गाणी साधारण उणे १४ लफ्स (आवाजाचा मोठेपणा मोजण्याचं एकक) या पातळीवर आणून वाजवतं, त्यामुळे नुसता आवाज फुगवून काही हाती लागत नाही. डीजेंना द्यायची गाणी असतील तर त्यांच्यासाठी वेगळं, जोरकस मास्टर करून घ्या. शेवटी हातात हव्यात वेव्ह फाइल, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ किंवा २४ बिट, एमपीथ्री नाही.

चौथी पायरी : नाव, स्पेलिंग, कव्हर

कलाकाराचं नाव ठरवण्याआधी ते स्पॉटिफाय, ॲपल म्युझिक, यूट्यूब आणि इन्स्टाग्रामवर शोधून पाहा. नुसत्या पहिल्या नावाने गाणी टाकलीत, तर ती त्याच नावाच्या दुसऱ्या कलाकाराच्या पानावर जाऊन बसतात आणि तिथून सोडवायला आठवडे लागतात. नाव आणि आडनाव, किंवा नाव आणि गाव, असं काहीतरी निवडा. पहिल्याच वेळी वितरकाच्या फॉर्ममध्ये ‘नवा कलाकार’ हा पर्याय निवडा आणि पुढच्या प्रत्येक गाण्याला तेच पान जोडा.

स्पेलिंगचा प्रश्न मराठीत फार मोठा आहे. ऐकणारे बहुतेक वेळा रोमन अक्षरांत शोधतात. ‘वाट’ लिहिताना ‘व्ही’ की ‘डब्ल्यू’, एक ‘ए’ की दोन, हे एकदाच ठरवा आणि ॲपवर, व्हिडिओवर, पोस्टरवर, व्हॉट्सॲपच्या मजकुरात तेच ठेवा. मी स्वतः गाण्याचं मुख्य नाव देवनागरीत आणि यूट्यूबच्या शीर्षकात दोन्ही लिपींत ठेवण्याच्या मताचा आहे. भाषेच्या रकान्यात मराठीच निवडा. कुणी हिंदी निवडतात आणि मग गाणं भलत्याच याद्यांमध्ये भटकत राहतं.

कव्हर चौरस, ३,००० बाय ३,००० पिक्सेलचं. आपल्या बॅनरांची सवय इथे सोडावी लागते: फोन नंबर, इन्स्टाग्रामचं नाव, किंमत, प्रायोजकाचा लोगो यांपैकी काहीही असेल तर वितरक ते परत पाठवतो. फोनवर कव्हर नखाएवढंच दिसतं, तेव्हा एक चेहरा किंवा एक चित्र आणि मोठं नाव एवढंच ठेवा.

प्रत्येक ध्वनिमुद्रणाला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक मिळतो. वितरक तो देतो. हे क्रमांक वाटणीपत्रकावर लिहून ठेवा. वितरक बदलायची वेळ आली तर तोच क्रमांक पुढे न्यायचा असतो, तरच गाणं ऐकलं गेल्याचा आकडा टिकतो.

गाण्यांचे शब्द म्युझिक्समॅच या शब्द साठवणाऱ्या सेवेवर स्वतः भरा. तिथून ते इन्स्टाग्राम आणि स्पॉटिफायवर जातात. दुसऱ्याने भरले तर आगरी बोलीतल्या शब्दांची पार वाट लागते.

पाचवी पायरी : वितरक

स्पॉटिफाय किंवा ॲपल म्युझिकला गाणं थेट देता येत नाही. मध्ये वितरक लागतो. त्यांचे हिशोब तीन प्रकारचे. डिस्ट्रोकिड वर्षाचं शुल्क घेतं आणि हवी तितकी गाणी टाकू देतं, पण शुल्क थांबलं की वेगळी रक्कम भरलेली नसल्यास गाणी उतरतात. सीडी बेबी प्रत्येक प्रकाशनाला एकदाच पैसे घेतं आणि कमाईतले ९ टक्के ठेवतं. राउटनोटचा फुकट पर्याय आहे, त्यात ते १५ टक्के घेतात. वर्षात एकच अल्बम काढणार असाल तर एकदाच पैसे घेणारा बरा. दर महिन्याला गाणं टाकणार असाल तर वार्षिक शुल्कवाला.

निवडण्याआधी विचारा: गाणी जिओसावन आणि गानावर जातात का? कॉलर ट्यूनची सोय आहे का? आपल्या गावच्या मोसमी गाण्यांना ती फार कामाची असते. पैसे भारतीय बँक खात्यात येतात का, किमान किती जमल्यावर? भागीदारांचे टक्के ॲपमध्येच वाटता येतात का?

खातं उघडताना अल्बमसाठी स्वतंत्र ईमेल करा. ज्याच्या नावावर खातं, त्याच्या नावावर पैसे. म्हणून वाटणीपत्रकात तेही लिहा. ‘माझा मित्र टेक्निकल आहे, त्याच्या खात्यावरून टाकू’ असं करू नका.

परदेशातल्या श्रोत्यांसाठी बँडकॅम्प हे अल्बम थेट विकायचं संकेतस्थळ चांगलं आहे; डिजिटल विक्रीवर ते १५ टक्के घेतं. मात्र तिथले पैसे पेपालमधून येतात आणि पेपालने १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात होणारे व्यवहार बंद केले आहेत. घणसोलीच्या माणसाला अल्बम विकायचा तर यूपीआयचा क्यूआर कोडच बरा.

सहावी पायरी : एक एक करून सोडा

सगळी गाणी एकाच दिवशी टाकली की एका आठवड्यात विषय संपतो. आधी दोन किंवा तीन गाणी सुटी सोडा, मध्ये चार-पाच आठवडे ठेवा आणि मग पूर्ण अल्बम. अल्बममध्ये तीच ध्वनिमुद्रणं त्याच आयएसआरसी क्रमांकाने घ्या, म्हणजे आधी जमलेला आकडा अल्बममध्येही दिसतो.

स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स हे खातं पहिलं गाणं जाताच ताब्यात घ्या. तिथे प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी एका गाण्याची माहिती स्पॉटिफायच्या याद्या करणाऱ्या संपादकांना पाठवता येते. मी तीन-चार आठवडे आधी पाठवायला सांगेन. यादीत निवड झाली नाही तरी तुम्हाला फॉलो करणाऱ्यांच्या शुक्रवारच्या यादीत ते गाणं येतं. माहितीत नुसतं ‘सुंदर मराठी गाणं’ लिहू नका. कुठल्या गावचं, कुठली वाद्यं, कुठल्या प्रसंगाला वाजतं, ते लिहा.

आकड्यांबद्दल एक नियम आधीच कळलेला बरा. २०२४ पासून स्पॉटिफायवर मागच्या १२ महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकलं न गेलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाचे पैसे मिळत नाहीत. हे ऐकून काही जण ‘दहा हजार स्ट्रीम इतक्या रुपयांत’ अशा जाहिरातींच्या नादी लागतात. कृपा करून लागू नका. खोटे स्ट्रीम पकडले जातात, गाणं उतरतं आणि वितरकाला झालेला दंड तुमच्या खात्यातून कापला जातो.

यूट्यूबवर गाणं तुमच्या स्वतःच्या चॅनेलवर टाका. जाहिरातींच्या कमाईसाठी १,००० सदस्य आणि वर्षभरात ४,००० तास पाहिलं जाणं लागतं. पण चॅनेल तुमचा असणं त्याहून महत्त्वाचं. वितरकाकडून अधिकृत कलाकार चॅनेल मागून घ्या, म्हणजे आपोआप तयार झालेलं पान आणि तुमचा चॅनेल एकत्र होतात.

व्हिडिओ घेताना जागांचे नियम पाळा. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. तिथे चित्रीकरणाला वनखात्याची परवानगी लागते. रेल्वे स्टेशनवरही तसंच. ड्रोन उडवण्याआधी सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरचा नकाशा पाहा, आता तर नवी मुंबईचा विमानतळही आहे. कोळीवाड्यातल्या जेटीवर आधी गावकीशी बोललात तर होड्याही मिळतात आणि कोरसला माणसंही.

सातवी पायरी : आपल्या गावातले श्रोते

प्रसिद्धीचं बजेट थोडं असेल, आणि ते थोडंच असतं, तर ते जाहिरातींत उडवण्याआधी जवळच्या माणसांवर खर्च करा. ज्यांना तुमचं नाव आणि गाव माहीत आहे अशा दोनशे माणसांनी गाणं पुढे पाठवलं, तर ते लग्नाच्या हॉलपर्यंत पोचतं.

व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी करा. एका यादीत २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच निरोप जातो. म्हणून प्रत्येक कार्यक्रमानंतर लोकांना नंबर सेव्ह करायला सांगा. महिन्याला एक-दोन निरोप, त्याहून जास्त नाही. लिंक पाठवताना सोबत दोन ओळी स्वतःच्या हाताने लिहा: हे गाणं कुणासाठी, कुठे ऐकावं.

बेंजो पार्टी, ब्रास बँड, ढोल-ताशा पथकं, डीजे यांना मोसमाच्या दीड-दोन महिने आधी भेटा. फोन करू नका, भेटा. त्यांना गाण्याचा ट्रॅक आणि पट्टी द्या, बेंजोवाल्यांना चाल वाजवून दाखवा. एका पार्टीने गाणं बसवलं की ते एका मोसमात कितीतरी हळदींमध्ये वाजतं. नृत्यवर्गांनाही गाणं द्या. सोसायटीच्या गणपतीत नाचणारी मुलं ते गाणं घरोघरी नेतात.

स्थानिक वर्तमानपत्रांच्या ठाणे आणि नवी मुंबईच्या पानांना बातमी हवी असते, जाहिरात नको असते. ‘अल्बम प्रकाशित’ ही बातमी फारच लहान. गावातल्या चार धवलारणींचे आवाज पहिल्यांदा स्टुडिओत आले, ही बातमी. दीडशे शब्द शुद्ध मराठीत लिहून, एक स्वच्छ फोटो जोडून, प्रकाशनाच्या दहा दिवस आधी पाठवा.

प्रकाशनाचा कार्यक्रम लहान ठेवा. गडकरी रंगायतन किंवा वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहाचं स्वप्न जरूर बाळगा, पण तिथल्या शनिवार-रविवारच्या तारखा नाटकांकडे असतात आणि पहिल्या अल्बमला रिकाम्या खुर्च्या दिसणं बरं नाही. घाणेकर नाट्यगृहाचं लघुप्रेक्षागृह, घंटाळीचं सहयोग मंदिर, वाशीचं साहित्य मंदिर सभागृह, किंवा आपल्याच सोसायटीचा हॉल. तिथे चौकशी करा. मोकळ्या जागेत असेल तर लाउडस्पीकरची परवानगी स्थानिक पोलिसांकडून घ्या आणि रात्री दहाच्या आत संपवा. दिवाळी पहाट आणि गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेच्या आयोजकांना दोन-तीन महिने आधी भेटलात तर दोन गाण्यांची जागा मिळू शकते. दाराशी टेबल लावा, त्यावर शब्दांची छापील पुस्तिका आणि क्यूआर कोड ठेवा. पुस्तिका लोक विकत घेतात, विशेषतः ज्येष्ठ मंडळी. त्यांना शब्द हातात हवे असतात.

आठवी पायरी : हिशोब

स्ट्रीमिंगचे पैसे दोन-तीन महिने उशिरा दिसतात, हे भागीदारांना आधीच सांगून ठेवा. वितरक आणि यूट्यूब कराचा फॉर्म मागतात. तो पॅन क्रमांकासह नीट भरा आणि भारत-अमेरिका कराराचा लाभ घ्या; मग अमेरिकेतल्या श्रोत्यांकडून आलेल्या रॉयल्टीवर ३० ऐवजी १५ टक्के कर कापला जातो. तो इथल्या विवरणपत्रात वजा मागता येतो, त्यासाठी सीएला गाठा. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत सहसा जीएसटीची नोंदणी लागत नाही.

गीतकार आणि संगीतकार असाल तर आयपीआरएसचं सदस्यत्व घ्या. १९६९ साली स्थापन झालेली ही सोसायटी शब्द आणि चालीची रॉयल्टी गोळा करते. वितरकाकडून येणाऱ्या पैशांत ती धरलेली नसते. सदस्य झाल्यावर अल्बममधलं प्रत्येक गाणं, वाटणीपत्रकातल्याच टक्क्यांनी, तिथे नोंदवा. जाहीर कार्यक्रम केलात की गायलेल्या गाण्यांची यादी आयोजकाला द्या आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा.

दर तीन महिन्यांनी वितरकाचं स्टेटमेंट उतरवून घ्या, टक्क्यांप्रमाणे वाटे काढा आणि यूपीआयने पाठवा. रक्कम दोनशे रुपयांची असली तरी पाठवा, आणि स्टेटमेंटची प्रत अरेंजरपासून धवलारणीपर्यंत टक्का असलेल्या प्रत्येकाला द्या. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांना पैसे आणि कागद घरी जाऊन द्या.